आधी बंदी नव्हे, आधी चाचणी

महोदय,

जनावरांना निमेसुलाइड हे गिधाडांना घातक ठरलेले वेदनाशामक देण्यावर केंद्र सरकारने ३० डिसेंबर २०२४ च्या अधिसूचनेने बंदी घातली. गिधाडांसाठी हा निर्णय मोलाचाच आहे. पण पशुसंवर्धन खात्यात नोकरी करून निवृत्त झाल्यामुळे एक गोष्ट मला राहून राहून टोचते. दर वेळी आधी पक्षी मरतात, मग संशोधन होते, मग पाठपुरावा आणि सगळ्यात शेवटी बंदी.

डायक्लोफिनॅक या गुरांना सर्रास दिल्या जाणाऱ्या वेदनाशामकाचेच बघा. नव्वदच्या दशकात गिधाडे मरू लागली तेव्हा संशय साथीच्या रोगावर होता. खरे कारण लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानातल्या मृत गिधाडांच्या तपासणीतून शोधले आणि ते २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. मरण्यापूर्वी डायक्लोफिनॅकचे इंजेक्शन टोचलेल्या गुराचे मढे खाल्ले, की गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होतात आणि युरिक ॲसिड शरीरातच साचते. शवविच्छेदनात हृदयावर, यकृतावर चुना फासल्यासारखा पांढरा थर दिसतो. शंभरात एखादे मढे असे निघाले तरी पुरे, कारण एका मढ्यावर अख्खा थवा उतरतो आणि जोडी वर्षाकाठी एकच अंडे घालते. पांढऱ्या पाठीची गिधाडे भारतात पंधरा वर्षांत ९९ टक्क्यांहून अधिक घटली.

वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत हा पक्षी आहे. त्याला मारणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण औषधाचा परवाना देणारा कायदा वेगळा, मंत्रालयही वेगळे. तिथे गिधाडाची बाजू मांडायला कोणी बसलेले नसते.

२००६ मध्ये डायक्लोफिनॅकच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जातच राहिल्या. म्हणून २०१५ मध्ये माणसांचे इंजेक्शनही तीन मिलिलिटरच्या एकमात्रा कुपीपुरते मर्यादित केले. हा नियम करणाऱ्याला गोठा माहीत असावा, असे मला नेहमी वाटते. गाईचा एक डोस भरायला अशा कितीतरी कुप्या फोडाव्या लागतात, आणि तेवढा खर्च नि खटाटोप कोणी करत नाही. औषध कंपन्या याविरुद्ध न्यायालयात गेल्या, पण मद्रास उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये नियम कायम ठेवला.

किटोप्रोफेन हे दुसरे वेदनाशामकही गिधाडांना घातक असल्याचे २०१० च्या सुमारासच दिसले होते. बंदी आली २०२३ मध्ये. त्याच वेळी ॲसिक्लोफिनॅकही बंद झाले. ते तर गुराच्या शरीरात जाऊन डायक्लोफिनॅकच बनते! मग पहिल्या बंदीनंतर ते एवढी वर्षे विकले कसे गेले?

शेतकऱ्याला यात दोष देऊ नये. दगडी (कासेची सूज) झालेली गाय धार काढू देत नाही, ऐन पेरणीत बैल लंगडतो, तेव्हा त्याला आजच्या आज उतार हवा असतो आणि तो मिळालाच पाहिजे. मेलॉक्सिकॅमने तो मिळतो, आणि ते गिधाडांना सुरक्षित असल्याचे २००६ मध्येच सिद्ध झाले आहे. टोल्फेनॅमिक ॲसिडही आहे.

हरियाणातल्या पिंजोरच्या गिधाड प्रजनन केंद्रात वाढवलेली गिधाडे आता ताडोबा आणि पेंचमध्ये आणली गेली आहेत. ती आसपासच्या गावांतलीच मढी खाणार. म्हणून माझी मागणी स्पष्ट आहे. गुरांसाठीच्या कोणत्याही नव्या वेदनाशामकाला गिधाडांवरील सुरक्षिततेचा पुरावा दिल्याशिवाय परवाना मिळू नये. बाजारात आधीपासून असलेल्यांचीही मुदत ठरवून तपासणी व्हावी. घातक ठरलेले औषध पशुवैद्यकीय वापरातून आपोआप बाद व्हावे, असे गिधाड संवर्धनाच्या २०२०-२५ च्या राष्ट्रीय कृती आराखड्यात म्हटलेच होते. ते आता औषध नियमावलीत यावे. आणि तोवर राज्याच्या पशुसंवर्धन व अन्न-औषध खात्यांनी निदान या दोन प्रकल्पांभोवतीच्या तालुक्यांतली औषध दुकाने एकत्र तपासायला सुरुवात करावी.

– एक निवृत्त पशुधन विकास अधिकारी