मिळकतकर भरण्याआधी बिल वाचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मिळकतकराची बिले आली की सगळीकडे एकच चर्चा सुरू होते, मुदतीआधी भरून सूट मिळवण्याची. पुणे महापालिकेपुरते बोलायचे तर ही सूट 5 किंवा 10 टक्के असते, आणि तीही फक्त ‘सर्वसाधारण करा’वर. सफाई, अग्निशामक, जललाभ, जलनिस्सारण लाभ, वृक्ष, शिक्षण या बाकीच्या रकान्यांवर एक पैसाही सुटत नाही. समजा, बिल 20,000 रुपयांचे आहे आणि त्यात सर्वसाधारण कर 9,000 आहे. मग सूट 450 किंवा फार तर 900 रुपयांची. एवढ्यासाठी आपण घाई करतो, आणि त्याच बिलात हजारो रुपये जास्त लागले असतील तर ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

मालक स्वतः राहतो त्या घराला पुण्यात करपात्र रकमेत 40 टक्के सवलत आहे. मधली काही वर्षे ती बंद होती, 2023 मध्ये पुन्हा लागू झाली. पण ती सर्वांना आपोआप मिळत नाही. 1 एप्रिल 2019 नंतर ज्यांची नव्याने आकारणी झाली त्यांना त्यासाठी पीटी-3 नावाचा, ‘मी या घरात स्वतः राहतो’ असे सांगणारा अर्ज द्यावा लागतो. सवलत लागली आहे की नाही हे ओळखायची सोपी खूण म्हणजे शेजाऱ्याचे बिल. त्याच इमारतीत, तेवढ्याच क्षेत्रफळाच्या, मालक राहत असलेल्या फ्लॅटचे बिल 12,000 आणि तुमचे 20,000 असेल, तर तुमची सवलत गेलेली आहे असे समजा. आता हे 8,000 आणि वरचे 450 शेजारी शेजारी ठेवून पाहा!

पीटी-3 सोबत आपण त्या घरात राहतो याचा पुरावा लागतो. सोसायटीचे पत्र, आणि त्याच पत्त्याचे मतदार ओळखपत्र, वाहन परवाना, शिधापत्रिका, गॅस कार्ड यांपैकी काही. सोसायटीच्या पत्रात फ्लॅट क्रमांक आणि ‘मालक स्वतः राहतात’ हे शब्द स्पष्ट हवेत. नुसते सभासदत्वाचे पत्र पुरत नाही, आणि अर्ज अडतो तो बहुधा इथेच. शहरात दुसरी मिळकत असेल तर तिच्या बिलाची प्रत जोडावी, कारण ही सवलत एकाच घराला मिळते. अर्ज पेठ निरीक्षकाकडे (आपल्या भागाचा मिळकतकर पाहणारा महापालिकेचा कर्मचारी) किंवा क्षेत्रीय कार्यालयात द्यावा आणि आपल्या प्रतीवर शिक्का व तारखेसह पोच घेतल्याशिवाय तिथून निघू नये.

निर्णय येईपर्यंत बिल थांबवून ठेवण्याची चूक मात्र करू नये. थकबाकीवर दरमहा 2 टक्के शास्ती, म्हणजे दंड, लागते, म्हणजे 20,000 रुपयांवर महिन्याला 400 आणि वर्षाला 4,800. अर्ज दिला म्हणून ती थांबत नाही. आलेले बिल मुदतीत भरावे आणि जादा गेलेली रक्कम पुढच्या बिलात वळती करण्याची मागणी लेखी करावी.

बिलावर आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. राहत्या घराच्या बिलात ‘रोजगार हमी कर’ दिसला तर वापराची नोंद चुकली आहे, कारण तो बिगरनिवासी जागांवर असतो. दुसरी गोष्ट नावाची. खरेदीखत झाल्यावर तीन महिन्यांत महापालिकेला कळवायचे असते. विकत घेताना आधीच्या मालकाची थकबाकी शून्य आहे ना, हे खातरजमा करूनच व्यवहार करावा. कराचा बोजा मिळकतीवर असतो, त्यामुळे वसुलीची नोटीस नव्या मालकाच्याच दारावर लागते.

प्रत्यक्ष भरणा दोन मिनिटांचा आहे. महापालिकेच्या संकेतस्थळावर विभाग, पेठ आणि खाते क्रमांक टाकायचा, नाव-पत्ता आपलाच आहे हे पाहायचे, मगच यूपीआय, नेटबँकिंग किंवा कार्डाने पैसे भरायचे. एक आकडा चुकला तर कर दुसऱ्याच्या खात्यावर जातो आणि तो परत फिरवायला महिने जातात. पैसे वजा झाले पण पावती आली नाही, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नये. व्यवहार क्रमांक जपून दोन-तीन दिवसांनी खाते पुन्हा तपासावे. नागरी सुविधा केंद्रात धनादेश देणाऱ्यांनी मागे खाते क्रमांक आणि मोबाइल लिहावा. धनादेशाची पावती तो वटला तरच खरी. न वटल्यास सूटही हातची जाते, म्हणून अखेरच्या दिवशी धनादेश नकोच. मेसेजमधून आलेल्या लिंकवरून कधीही भरू नये.

प्रशासनाला एकच विनंती आहे. बिलाच्या पहिल्या पानावर, देय रकमेच्या शेजारी, ठळक अक्षरांत एक ओळ छापावी : ‘स्वतः राहत असल्याची 40 टक्के सवलत : लागू / लागू नाही’. आणि ‘लागू नाही’ असेल त्या बिलासोबतच कोरा पीटी-3 अर्ज पाठवावा.

— एक मिळकतधारक, पुणे