वर्गणीच्या यादीची सीएसव्ही फाइल उघडताना

सोसायटीच्या सर्व सभासदांसाठी : वर्गणीची यादी सीएसव्ही फाइलमध्ये (म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये) पाठवली आहे. कृपया तिच्यावर डबल क्लिक करू नका. एक्सेलमध्ये ती तशी उघडली, तर मराठी नावांच्या जागी भलतीच चिन्हं दिसू शकतात, ३-१२ हा फ्लॅट क्रमांक तारीख होऊन बसतो आणि १६ आकडी व्यवहार क्रमांकाचा शेवटचा आकडा शून्य होतो. मागच्या वेळी मीच अशी फाइल सेव्ह केली होती, मग यादी बँकेच्या पासबुकावरून पुन्हा भरावी लागली.

त्याऐवजी कोरी शीट उघडा, ‘डेटा’मधून ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ घ्या, फाइल निवडा, येणाऱ्या खिडकीत ‘फाइल ओरिजिन’ला ६५००१ यूटीएफ-८ निवडा आणि ‘डेटा टाइप डिटेक्शन’ बंद ठेवा. एक्सेलऐवजी लिबरऑफिस वापरत असाल, तर त्यात अशी खिडकी आपोआप येते. तिथे घाईने ओके न दाबता क्रमांकांचे कॉलम आधी ‘टेक्स्ट’ करा.

– सचिव