दिनास दिनले: समुद्रापुढे कायद्याचे काय चालणार?

महोदय,

वेल्सच्या वायव्य किनाऱ्यावरील दिनास दिनले हा लोहयुगीन गड समुद्र हळूहळू गिळत असल्याचे वाचले की, संरक्षित स्मारकाची अशी हेळसांड कशी काय होते, असा प्रश्न हमखास विचारला जातो. मला हा प्रश्न थोडा अन्यायाचा वाटतो.

गड म्हटले की चिरेबंदी बुरूज डोळ्यांपुढे येतात. इथे तसे काहीच नाही. कार्नार्व्हनच्या दक्षिणेला, सपाट किनाऱ्यावर हिमनदीने मागे टाकलेल्या गाळाची एक टेकडी आहे. तिच्या माथ्याभोवती मातीचे दोन बांध आणि मधला खंदक, एवढाच हा कोट. बांधावरून पश्चिमेकडे चालत गेले की पायाखालचा उंचवटा कड्याशी येऊन एकदम तुटतो आणि थेट खाली गोट्यांचा किनारा दिसतो. टेकडीच मुळात चिकणमाती, वाळू आणि गोट्यांची असल्यामुळे पावसाचे पाणी मुरून वरचा भाग ढासळतो व पायथ्याशी पडलेला ढिगारा लाटा ओढून नेतात. 1900 पासून पश्चिमेचा 20 ते 40 मीटर भाग असा गेल्याचा अंदाज आहे.

वेल्स सरकारच्या वारसा खात्याचे 'काडू' हे नावच मुळी 'राखणे' या अर्थाचे आहे. पण कायदा अडवतो तो माणसाला: संमतीशिवाय इथे फावडे लावणे किंवा मेटल डिटेक्टर फिरवणे हा गुन्हा आहे. समुद्राला नोटीस बजावता येत नाही. भिंत बांधावी, तर तिचा पाया याच टेकडीत खणावा लागेल आणि धूप बहुधा शेजारच्या किनाऱ्यावर सरकेल. त्यापेक्षा जे जाणार आहे ते जाण्याआधी ड्रोन व लेझरने मोजून, खणून नोंदवून ठेवणे मला अधिक शहाणपणाचे वाटते, आणि तिथे तेच चालले आहे. 2019 च्या उत्खननात कड्याच्या काठाजवळ, वाऱ्याने साचलेल्या वाळूखालून सुमारे 13 मीटर व्यासाचे गोल घर निघाले. त्याच्या दगडी भिंती 2 मीटरहून जाड होत्या. रोमन काळातील नाणी आणि खापरेही सापडली.

बातम्यांत मात्र ढासळत्या कड्याचे छायाचित्र ठळक असते आणि हे घर कुठेच नसते. आपल्या वृत्तपत्राने पुढील वेळी दोन्ही छापावीत, ही विनंती.

आपला,
एक वाचक