सीट कव्हरवाल्या काकांना, उशिरा का होईना

काका, नमस्कार.

माझं नाव तुम्हाला आठवायचं नाही. पण "गाडी नाही आणि गाडीच्या सीटा घेऊन फिरणारे" एवढं म्हटलं की आठवेल. गेल्या श्रावणातल्या एका रविवारी मी, नवरा, दोन मुलं आणि गाडीत लहान मुलाला बांधून बसवायची एक अगडबंब सीट असे सगळे एका रिक्षातून डोंबिवली पूर्वेला तुमच्या दुकानासमोर उतरलो होतो. रिक्षात मुलं नवऱ्याजवळ आणि सीट माझ्या मांडीवर! तुम्ही शिलाई मशीनवरून मान वर करून विचारलंत, "गाडी कुठंय?" नवरा म्हणाला, "गाडी नाहीये." तुम्ही मशीन थांबवलंत आणि चष्मा काढलात.

त्या दिवशी तुम्ही पैसे घेतले नाहीत. म्हणून निदान हे पत्र. चारचौघांत लिहितेय, कारण आमच्यासारखी बिनगाडीची घरं पुष्कळ आहेत आणि तुम्ही आम्हाला जे दोन तासांत दाखवलंत ते आम्हाला कुठल्याही दुकानात कळलं नव्हतं.

आधी तुम्हाला तेव्हा न सांगितलेली गोष्ट सांगते. आमचं गाव गुहागरजवळ. ठाण्याहून मांडवी एक्सप्रेस, चिपळूणला उतरायचं आणि पुढचे चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर भाड्याची गाडी. मुलं कायम मांडीवर. त्या मे महिन्यात रामपूरच्या पुढे एका वळणावर समोर गाय आली. ड्रायव्हरने ब्रेक मारला, त्याची काही चूक नव्हती. गाडीचा वेग फार तर चाळीस. पण धाकटा माझ्या हातांतून असा सुटला की पुढच्या सीटच्या पाठीवर तोंडावर आपटला. ओठ फाटला, दोन टाके पडले. मी त्याला घट्ट धरलं होतं हो. हे वाक्य मी त्या आठवड्यात सासूबाईंना, आईला, डॉक्टरांना, सगळ्यांना ऐकवलं. नंतर नवऱ्याने (तो शाळेत विज्ञान शिकवतो) गणित मांडून दाखवलं: पन्नासच्या वेगातली गाडी आदळून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर साडेअकरा किलोचं पोर हातांना दीडशे किलोच्या वर जड लागतं. मी घरात गव्हाचं दहा किलोचं पोतं उचलताना कुरकुरते.

म्हणून सीट शोधायला लागलो. कायदा आहे हेही तेव्हाच कळलं. 2019 च्या दुरुस्तीपासून मोटार वाहन कायद्यात कलम 194 ब आहे, चौदा वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा त्याच्या मापाची सीट हवी, नाहीतर हजार रुपये दंड. ही पावती फाडताना मी अजून कुणालाही पाहिलेलं नाही, ते सोडा. दुकानात गेलं की पहिला प्रश्न ठरलेला, "गाडी कोणती?" गाडी नाही म्हटल्यावर सेल्समनचा चेहरा असा होई की जणू आम्ही घोडा नसताना खोगीर घ्यायला आलोय. मग उत्तर यायचं, "मॅडम, कुठल्याही गाडीत बसते." ते खोटं होतं हे तुमच्या दारात कळलं.

तेवढ्यात न्यू जर्सीहून आलेल्या दिरांनी त्यांच्या मुलाची वापरलेली सीट आणून दिली. हलकी, आणि वर लाल अक्षरांत विमानातही चालते असं छापलेलं. आम्ही खूश. ठाण्याला जाताना कॅबमध्ये बसवली, बेल्ट लावला, मुलाला बसवलं, आणि कल्याण-शीळ रस्त्याच्या दुसऱ्याच वळणाला सीट मुलासकट माझ्या अंगावर कलली. हीच ती सीट आम्ही तुमच्याकडे आणली होती. कुणीतरी सांगितलं होतं, सीट कव्हरवाले बेल्ट टाइट करून देतात.

तुम्ही बेल्टला हातच लावला नाहीत. आधी सीट उलटी केलीत. खालच्या प्लास्टिकमध्ये कोरलेलं ते गोल घड्याळासारखं चिन्ह शोधलंत, बनवल्याचं साल आणि महिना वाचलात. "हिला अपघात झालाय का?" विचारलंत. मला तो प्रश्न विचित्र वाटला होता. तिथल्या तिथे तुम्ही मला दिरांना फोन लावायला लावलात. त्यांच्याकडे रात्रीचे अकरा वाजले होते. झाला नव्हता. मग तुम्ही म्हणालात, "बरं. नाहीतर ही शोभेची."

त्यानंतरचं माझ्या डोळ्यांसमोर तसंच्या तसं आहे. गल्लीत तुमच्या गिऱ्हाइकांच्या तीन गाड्या उभ्या होत्या. एक डिझायर, एक अर्टिगा, एक जुनी छोटी टॅक्सी. तुम्ही डिझायरचा मागचा बेल्ट पार शेवटपर्यंत बाहेर ओढलात आणि हळूच सोडलात. बेल्ट आवाज न करता आत गेला. "मस्कतला आठ वर्षं गॅरेजात होतो. तिथल्या अमेरिकन गाड्यांचा बेल्ट असा पूर्ण ओढला की परत जाताना कट-कट-कट करत जातो आणि मग बाहेरच येत नाही. तुमच्या दिरांची सीट त्या बेल्टच्या भरवशावर आहे. आपला बेल्ट झटका बसला तरच अडकतो, एरवी ढिला. म्हणून ती वळणावर कलते."

मी अगदी हिरमुसले. तुम्ही सीटच्या पाठीमागे चाचपलंत आणि चिकटपट्टीने लावून ठेवलेली एक छोटी लोखंडी पट्टी काढलीत. इंग्रजी एच अक्षरासारखी, बोटाएवढी. आम्ही ती कारखान्यातला कचरा समजत होतो! गुडघा सीटमध्ये रोवून, पूर्ण वजन टाकून बेल्ट ताणलात, बकलाच्या जिभेजवळ मांडीवरचा आणि खांद्यावरचा असे दोन्ही पट्टे चिमटीत धरलेत, बेल्ट सोडवून दोन्ही पट्टे त्या पट्टीत ओवलेत, जिभेपासून इंचभरावर, आणि परत बकल लावलंत. मग नवऱ्याला म्हणालात, "हलवा." नवऱ्याने बेल्ट जिथून जातो तिथे धरून गदागदा हलवली. गाडी हलली, सीट नाही.

"इंचभर हलली तरी परत बांधायची," तुम्ही म्हणालात. आणि लगेच, "आता तुम्ही करा, ताई. चिपळूण स्टेशनात मी नसणार." पहिल्यांदा मला बावीस मिनिटं लागली. मुलगी मोबाइलवर वेळ लावून मोठ्याने सांगत होती, त्यामुळे नाकारायची सोय नाही. चौथ्या खेपेला सहा.

छोट्या टॅक्सीत मात्र जमलं नाही. दोन वर्षांच्या मुलाला मागे तोंड करून बसवणं जास्त सुरक्षित, ब्रेक लागला की मान लटकत नाही, सगळी पाठ भार घेते, हे सीटच्या पुस्तिकेत होतं आणि धाकटा तिच्या वजनाच्या मर्यादेत बसत होता. मर्यादा पाउंडांत छापलेली, चाळीस पाउंड म्हणजे अठरा किलो. पण तशी ठेवली की बेल्टला सीटला वळसा घालून यावं लागतं आणि तिथे तो बकलापासून चार बोटं कमी पडला. नवरा म्हणाला, "जोर लावला तर..." तुम्ही म्हणालात, "या गाडीत ही सीट नाही. दुसरी गाडी बोलवा." इतकं सरळ. तेव्हापासून आम्ही भाड्याची गाडी ठरवताना एसी चालतो का याच्या आधी बेल्टचं विचारतो.

आणि ते सीट कव्हर! त्याच टॅक्सीत एका बाजूचं बकल सापडेचना. तुम्ही फटीत हात घातलात, मग ओशाळं हसलात. "हे आमच्याच धंद्याचं पाप. टॅक्सीवाले सांगतात, पॅसेंजरला टोचतं, आत दाबून वरून शिवून टाका. आम्ही टाकतो शिवून." खिशातून ब्लेड काढून तुम्ही स्वतःच्या हाताने शिवलेलं कव्हर बरोबर बकलावर चिरलंत आणि कडा दुमडून टाके घातलेत. गाडीमालकाला काय सांगितलंत ते विचारायचं राहून गेलं. उद्योगपती सायरस मिस्त्री गेले तेव्हा मागच्या सीटवर बेल्टविना होते, त्या 2022 च्या अपघातानंतर मुंबईत मागच्यांनाही बेल्टची सक्ती झाली होती. तेव्हा चार दिवस सगळे लोक हीच बकलं फटीतून उपसत होते, असं तुम्ही म्हणालात. पुढे परत सगळं कव्हराखाली.

थोरलीचं तुम्ही पटकन निकालात काढलंत. सहा वर्षं, एकोणीस किलो. तिच्यासाठी मी नुसती बैठक घेणार होते, उशीसारखी, पिशवीत मावते म्हणून. तुम्ही तिला डिझायरमध्ये बसवून बेल्ट लावलात. वरचा पट्टा गळ्यावर, खालचा पोटावर. "पोट मऊ असतं. बेल्ट मांडीला लागून कमरेच्या हाडांवर यायला पाहिजे आणि वरचा खांद्याच्या मध्यावर." मग एकच प्रश्न, "गाडीत झोपते?" काका, ती स्टेशन सोडायच्या आत झोपते. म्हणून पाठ असलेला बूस्टर (मुलाला उंच करून गाडीचा बेल्ट नीट जागी आणणारी बैठक), पण पाठ सुटी होणारा, म्हणजे ट्रेनमध्ये दोन तुकडे करून बर्थखाली सरकवता येईल. तो आम्ही तुमच्याकडून घेणार होतो, तर तुम्हीच म्हणालात, "माझ्याकडे आहे तो जड आहे. तुम्ही हमाल लावणार का?" स्वतःचा माल असा नाकारणारा दुकानदार मी पहिल्यांदा पाहिला.

शेवटी गळ्यातली टेप काढून तुम्ही डिझायरची मागची सीट मोजलीत, मग आमची सीट आणि तुमच्याकडचा बूस्टर. उरलेली जागा बोटाने दाखवलीत आणि भलतेच संकोचून म्हणालात, "मध्ये ताई बसणार ना? ते माप तुमचं तुम्हीच बघा." बसले. मावले. कशीबशी, पण मावले.

आता गणपतीचं सांगते. चिपळूणला अर्टिगा ठरवली होती, सासू-सासरेही बरोबर होते. त्यांना तिसऱ्या रांगेत बसवायचं तर मधल्या सीटा आडव्या येतात. तुम्ही हे आधीच ओळखून सांगितलं होतं की ज्या बाजूने आजी चढणार त्या बाजूला बूस्टर ठेवा, तो बांधलेला नसतो, उचलला की झालं. तुमच्या त्या एका वाक्याने मार्गताम्हाण्याला लाज राखली, कारण तिथे सासूबाईंना उतरायचंच होतं आणि तेही ताबडतोब. रिकामा बूस्टर गाडीत सुटा ठेवायचा नाही, त्यालाही बेल्ट लावायचा, हे तुम्ही बजावलेलं. आता ती जबाबदारी थोरलीने घेतलीय, बूस्टरला बेल्ट लावताना ती त्याला दटावते.

ड्रायव्हरदादा सुरुवातीला वैतागले. "कशाला एवढा पसारा, पोरीला बसवा ना पुढे माझ्या बाजूला." पुढे बसवायची नाही हे सांगताना मी तुमचाच आवाज काढला असावा, कारण ते गप्प झाले. बकल फटीत गेलेलं होतं. मी पिशवीतून पट्टी काढली, गुडघा रोवला. नऊ मिनिटं लागली. ते बाजूला उभे राहून बघत होते, मग म्हणाले, "माझी पण नात आहे, तीन वर्षांची. ही मिळते कुठे?" तुमच्या दुकानाचा पत्ता दिलाय. चिपळूणहून कोण डोंबिवलीला येतंय म्हणा, पण दिलाय.

सगळं काही जमलंय असं नाही. पुण्यात एका कॅबवाल्याने सीटा बघून राइड रद्द केली, दुसरा आला त्याच्या डिकीत सीएनजीची टाकी, मग बॅगा आमच्या पायांत. स्टेशन ते घर रिक्षाच, आणि रिक्षात या सीटांचा उपयोग शून्य, तिथे मुलं परत आमच्या कुशीत. मे महिन्यात सीटचं बकल इतकं तापतं की त्यावर ओला नॅपकिन टाकून ठेवावा लागतो. घरी दोन्ही सीटा कपाटावर आहेत, गणपतीच्या मखराशेजारी, आणि पाहुणे विचारतात की गाडी कधी घेतली.

काका, थोरली आता एकशे एकवीस सेंटिमीटर झालीय आणि बूस्टरची पाठ काढायची म्हणून हटून बसलीय. पुस्तिकेत एकशे पंचवीस लिहिलंय. ती म्हणते, काकांना विचारू. या रविवारी दहाच्या सुमारास येतो. गल्लीत एखादी डिझायर उभी असली तर बरं. चहा आणि उकडीचे मोदक आमच्याकडून, आणि ते ब्लेड पण सोबत ठेवा.

तुमची,
बिनगाडीवाली ताई
डोंबिवली पूर्व