बाबा, तुमची ली नासुद्धा दोन वर्षं थांबली होती

पुणे, रविवार रात्र

ती. आई-बाबांना सा. न.

ऑपरेशननंतर आईचा गुडघा आता नव्वद अंशांच्या पुढे वाकतो हे ऐकून जीव भांड्यात पडला. आईसाठी खाली वेगळं लिहिलंय, ते तिला वाचून दाखवा आणि तेवढा कागद फ्रिजवर लावा. आधी मला तुमच्याशी बोलायचंय, बाबा. फोनवर हे जमलं नसतं. तुम्ही "बरं" म्हणून फोन आईकडे दिला असता आणि रात्रभर गॅलरीत बसून राहिला असतात.

मनूचे टेनिसचे सामने आम्ही थांबवलेत. दोन वर्षांसाठी. सोलापूरच्या स्पर्धेतून परवा नाव काढून घेतलं. तुम्हाला आधी विचारलं नाही याचं मला फार वाईट वाटतंय. विचारलं असतं तरी तुम्ही "पोरीचं भलं बघा" एवढंच म्हणाला असता, हे मला माहीत आहे. पण चार वर्षं पहाटे साडेपाचला जिला तुम्ही कोर्टावर नेलंत, तिचं हे तुम्हाला असं पत्रातून कळावं, हे मलाच बरं वाटत नाही.

मनूच्या गुडघ्याचं नीट सांगते, म्हणजे उगाच भलतंसलतं मनात आणणार नाही. वाटीच्या खाली, नडगीच्या वरच्या टोकाला हाडाचा एक उंचवटा असतो. मांडीचा मोठा स्नायू वाटीवरून येऊन तिथे कंडरेने बांधलेला असतो. वाढत्या वयात तो उंचवटा पुरता हाडाचा झालेला नसतो, थोडा कूर्चेचाच असतो. उंची भराभर वाढते, हाड लांबतं, स्नायू तेवढा ताणत नाही. मग प्रत्येक धाव, उडी आणि अचानक थांबणं म्हणजे त्या कच्च्या जागेला एकेक हिसका. म्हणून तिला दाबलं की दुखतं, जिने उतरताना दुखतं, सकाळी कमी आणि खेळून आल्यावर जास्त. काही मोडलेलं नाही, शस्त्रक्रिया वगैरे काही नाही. वाढ पुरी झाली की बहुतेक मुलांचं हे आपोआप शमतं. पण भार कमी केला तरच. आठवड्याला पाच दिवस सिमेंटच्या कोर्टावर सराव आणि शनिवार-रविवारी सामने, वर एका दिवसात कधी दोन, यात ते शमणार नव्हतं.

आता तुमच्या ली नाकडे, त्या चिनी टेनिसपटूकडे येते. मनूला समजावताना तिचंच उदाहरण दिलं, आणि ते देताना तुमचाच आवाज कानात होता.

बाबा, तुम्ही तिचं २०११ चं पॅरिसचं आणि २०१४ चं मेलबर्नचं विजेतेपद मनूला शंभरदा सांगितलंत. मधली वर्षं तिला फारशी ठाऊक नव्हती. वुहानची मुलगी, १९८२ चा जन्म. वडील बॅडमिंटन खेळायचे, म्हणून सहाव्या वर्षी हातात बॅडमिंटनची रॅकेट आली आणि नऊ पूर्ण व्हायच्या आत टेनिसची. दोन्ही वेळा ठरवलं मोठ्यांनी. टेनिसचं ठरलं तेव्हा आपल्याला कुणी विचारलंच नाही, हे तिने पुढे स्वतः सांगितलंय. चौदाव्या वर्षी वडील गेले. १९९७ मध्ये राष्ट्रीय संघात, १९९९ मध्ये व्यावसायिक. आणि २००२ च्या अखेरीस, वयाच्या विसाव्या वर्षी, तिने संघ सोडला आणि वुहानच्याच विद्यापीठात पत्रकारिता शिकायला गेली. ज्या वयात बाकीच्या मुली क्रमवारीत एकेक पायरी चढत होत्या, त्या वयात ती वर्गात बाकावर बसली होती.

क्रमवारीतले गुण ५२ आठवडेच टिकतात, हे तुम्हाला सांगायला नको. वर्षभर न खेळलेल्या खेळाडूची पाटी कोरी होते. २००४ मध्ये ती परत आली तेव्हा छोट्या स्पर्धांपासून सुरुवात करावी लागली. त्याच वर्षी ग्वांगझौला ती पात्रता फेरीतून आली, म्हणजे बाकीच्या अजून विश्रांती घेत असताना हिचे सामने सुरू झालेले, आणि तिथून थेट विजेतेपद. डब्ल्यूटीएची, म्हणजे महिलांच्या व्यावसायिक टेनिस संघटनेची, एकेरीतली स्पर्धा जिंकणारी ती पहिली चिनी बाई. दोन वर्षांच्या सुट्टीनंतर. २००६ मध्ये विम्बल्डनची उपांत्यपूर्व फेरी, २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये व्हीनस विल्यम्सला हरवून चौथा क्रमांक. हात काहीच विसरला नव्हता. मला वाटतं, डोकं ताजं होऊन आलं होतं.

तुम्ही म्हणाल, ती वीसची होती आणि मनू तेराची आहे. खरं आहे. पण हा फरक मनूच्या बाजूचा आहे. ली नाने थांबून खरे गुण घालवले. मनूकडे घालवायला अजून काही नाहीच. चौदावा वाढदिवस झाल्याशिवाय मुलींना व्यावसायिक स्पर्धा खेळताच येत नाहीत, आणि अठरापर्यंत वर्षाला किती खेळायच्या यावरही बंधन असतं. हा नियम नव्वदच्या दशकात, कोवळ्या वयात खचून गेलेल्या मुली पाहूनच केला. मनू पंधराची होईल तेव्हा दार उघडंच असेल. तिला वाटलं तर ती जाईल. आणि नाही वाटलं तर, बाबा, तेही मी आताच मान्य केलंय. तुम्हीही हळूहळू करा, घाई नाही.

दुसरी गोष्ट गुडघ्याचीच. ली नाचा उजवा गुडघा तुम्हाला आठवत असेल, काळी पट्टी बांधलेला. फोरहँड मारताना आजकाल मुली पाय पुढे न टाकता नेटकडे तोंड करूनच उभ्या राहतात. मग उजव्या हाताने खेळणारीचा सगळा भार उजव्या पायावर वाकून बसतो आणि तिथूनच उसळतो. हार्ड कोर्टवर पाय घसरत नाही, जागीच अडतो, त्यामुळे थांबण्याचा धक्का गुडघ्यालाच खावा लागतो. मातीच्या क्ले कोर्टवर घसरत जाऊन तो धक्का थोडा विरतो. वर्षातल्या बहुतेक स्पर्धा मात्र हार्ड कोर्टवर असतात. तिच्या उजव्या गुडघ्यावर तीन शस्त्रक्रिया झाल्या आणि चौथी २०१४ च्या जुलैत डाव्यावर. त्याच सप्टेंबरात तिने निवृत्ती जाहीर केली. सूज आणि वेदना दाबायला दर आठवड्याला गुडघ्यात इंजेक्शनं घेत होते, असं तिने निरोपाच्या पत्रात लिहिलं. फेब्रुवारीत ती जगात दुसरी होती. तुम्ही त्या दिवशी जेवला नव्हता, आईने मला सांगितलं होतं.

मी कोर्टावर इतकी वर्षं मुलांना शिकवतेय, आणि "थोडं दुखतंच, खेळ" असं मीही म्हटलंय. मनूला ते म्हणवेना.

आणि थांबून उशीर होतो म्हणावं, तर तिचं सगळं उशिराच तर झालं! बीजिंगपर्यंत कमाईतले ६५ टक्के सरकारी यंत्रणेकडे जात. २००८ च्या अखेरीस काही मुलींना स्वतंत्र खेळायची मुभा मिळाली, हिस्सा ८ ते १२ टक्क्यांवर आला, पण प्रशिक्षक, प्रवास, फिजिओ सगळं स्वतःच्या खिशातून. कधी नवराच प्रशिक्षक, कधी परका माणूस. २०११ च्या जानेवारीत मेलबर्नला किम क्लायस्टर्सकडून अंतिम सामना हरली, पहिला सेट घेऊनही. मग मे-जूनमध्ये पॅरिसला ओळीने क्विटोव्हा, अझारेन्का, शारापोव्हा आणि अंतिम सामन्यात आदल्या वर्षीची विजेती स्कियाव्होने, ६-४, ७-६. टायब्रेक ७-०! तुम्ही खुर्चीतून उठून उभे राहिला होतात. आशियातल्या देशाची पहिली एकेरीतली ग्रँड स्लॅम विजेती.

आणि पुढे काय झालं ते लोक विसरतात. त्यानंतर ती सहज हरायला लागली. त्याच वर्षी अमेरिकन ओपनच्या पहिल्याच फेरीत सिमोना हालेपने तिला घालवलं. २०१२ च्या ऑगस्टमध्ये, तिशी उलटल्यावर, तिने प्रशिक्षक कार्लोस रॉड्रिगेझना गाठलं. एकेकाळच्या अव्वल खेळाडू जस्टिन हेनिनला घडवणारे तेच. त्यांनी तिला नेटकडे यायला लावलं, फोरहँडला जास्त टॉपस्पिन दिला, सर्व्हिसवर मेहनत घेतली. तीस वर्षांच्या हाताची सवय मोडणं किती अवघड असतं हे मी रोज बघते. नवी पद्धत सरावात चटकन येते आणि ४-४ झालं की जुना हात परत येतो. तो परत येऊ नये म्हणून महिनेच्या महिने लागतात. २०१३ ला मेलबर्नच्या अंतिम सामन्यात दोनदा घोटा मुरगळला, दुसऱ्यांदा डोकंही आपटलं. तुम्ही तेव्हा तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत होता, आणि मला आमच्या जिन्यातला माझा घोटा आणि तुम्ही उकळून लावलेला आंबेहळदीचा लेप आठवला. पाय पाटावर ठेवून तुम्ही तो फुंकत बसला होतात. तो वास अजून येतो मला.

पुढच्याच वर्षी, ३२ ला महिना उरलेला असताना, तिसऱ्या फेरीत साफारोव्हाचा मॅच पॉइंट होता. चेंडू जरासा बाहेर गेला. तिथून उठून ती स्पर्धा जिंकली, सिबुलकोवाविरुद्ध ७-६, ६-०. विसाव्या वर्षी थांबलेली मुलगी.

तिच्याच हूबे प्रांतातली झेंग चिनवेन आता मनूची लाडकी आहे. २०२४ ला पॅरिसमध्ये ऑलिंपिक सुवर्ण मिळवलं, तेही ली ना जिंकली त्याच रोलाँ गॅरोवर. पुढच्याच वर्षी जुलैत कोपरावर शस्त्रक्रिया करून तीही घरी बसली होती. मोठ्या मुलींनाही थांबावं लागतं, हे मनूला आता ठाऊक आहे.

मनू मजेत आहे. खरंच. रात्री साडेनऊला झोपते, डब्यात नाचणीची भाकरी नेते आणि चक्क संपवून आणते. पोहायला जाते, सायकल चालवते, सीट उंच ठेवून, म्हणजे गुडघा फार वाकत नाही. भिंतीला पाठ लावून अर्धी बैठक, तीस सेकंद, पाच वेळा. मांडीचा ताण तीस-तीस सेकंद, तीनदा. दुखणं दहापैकी तीनच्या वर गेलं की थांबायचं, ही तिने स्वतः वहीत लिहिलेली खूण. तुम्ही घेतलेली रॅकेट कपाटात आहे, गाडीत नाही, उन्हाने तारा सैल होतात म्हणून.

आई, आता तू ऐक.

झोपताना गुडघ्याखाली उशी घ्यायची नाही. बरं वाटतं, पण गुडघा त्याच वाकात आखडतो आणि पाय सरळ होईनासा होतो. उशी टाचेखाली घे. दिवसातून तीनदा, पाय सरळ ठेवून मांडी घट्ट आवळायची, पाच आकडे मोजायचे, सोडायची, दहा वेळा. मग टाच गादीवरून मागे ओढायची, तीही दहा वेळा. त्यानंतर बर्फ, पंच्यात गुंडाळून, पंधरा मिनिटं. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी, आणि कठड्याला हात. पाटावर बसून भाजी निवडायची नाही, टेबलावर निवड. मोरीपुढचं पायपुसणं आजच उचलून ठेव. पोटरी दुखून सुजली, लाल झाली किंवा गरम लागली तर संध्याकाळची वाट बघू नका, तेव्हाच डॉक्टरांना फोन करा. तू खूप छान करते आहेस गं. आणि मनूपुढे "तुझं टेनिस सुटलं" असं चुकूनही म्हणू नकोस. सुटलेलं नाही.

बाबा, प्रेशरची गोळी चहाच्या आधी, विसरू नका. दिवाळीत आम्ही आठ दिवस येतोय, आणि तुमच्याकडे एक काम आहे. मनूच्या सर्व्हिसचा टॉस डावीकडे जातो. त्याला गुडघा लागत नाही, म्हणून तेवढं रोज चालेल, तीस टॉस, चेंडू मारायचा नाही. हात कोपरात न वाकवता वर न्यायचा, चेंडू डोळ्यांच्या उंचीवर सोडायचा, बोटांनी फिरवायचा नाही. पुढच्या पावलापुढे एक फूट, जरा उजवीकडे, रॅकेट आडवी ठेवायची. न मारलेला चेंडू त्या रॅकेटवर पडला पाहिजे. गच्चीतली कपड्यांची दोरी साडेआठ फुटांवर बांधून ठेवा, चेंडू तिच्या थोडासा वर जाऊन खाली यायला हवा. मोजायचं काम तुमचं. दोरी बांधायला मात्र स्टुलावर तुम्ही चढायचं नाही, शेजारच्या मुलाला सांगा.

तुमची,
ताई