फणसाच्या झाडावरून

प्रिय सुऱ्या,

नऊ महिने झाले, तुझ्या दोन व्हॉइस नोट तशाच पडून आहेत. चुकलंच माझं. तब्येत बरी आहे, शुगर गोळीवर आहे, झालं. आज लिहितोय कारण हे फक्त तुलाच कळेल, हिला सांगून बघितलं पण तिचं गाव आहे तिथंच आहे ना.

मनू आठवीत आहे, इथं अमेरिकेत आठवीला आमच्या जॉर्जिया राज्याचा इतिहास असतो. टेस्टसाठी तिनं कार्डं केली होती, एका बाजूला शब्द आणि मागं अर्थ, मी विचारायचं तिनं सांगायचं. लुइझियाना पर्चेस, 1803, फ्रान्सकडून दीड कोटी डॉलरला. मिझुरी कॉम्प्रमाइज, म्हणजे गुलामगिरी कुठं चालेल याची तडजोड, 1820. मॅनिफेस्ट डेस्टिनी, म्हणजे पार पश्चिमेच्या समुद्रापर्यंत पसरायचं हे देवानंच आमच्या नशिबात लिहिलंय असं मानणं, हा शब्द 1845 चा. धडाधडा सांगत होती. (तू असतास तर प्रत्येक कार्डाला एक पुरवणी लावली असतीस, पानिपताला लावलेल्यास तशी.) मग आलं इंडियन रिमूव्हल ॲक्ट, 1830. मागं एकच ओळ, मूळ लोकांना मिसिसिपीच्या पलीकडं हलवण्याचा कायदा. हलवण्याचा! कपाट हलवतात रे. आपल्याकडं धरणाच्या वेळी पुनर्वसन म्हणाले, इथं रिमूव्हल, पण ऐकताना पोटात तसंच झालं.

म्हणून शनिवारी तिला घेऊन न्यू एकोटाला गेलो, चेरोकी म्हणून इथले मूळ लोक, त्यांची राजधानी होती ती. सिकोया नावाच्या माणसानं त्यांच्या भाषेची लिपी बनवली, 1828 पासून तिथं त्या लिपीत आणि इंग्रजीत पेपर निघायचा, त्याचा छापखाना परत बांधून ठेवलाय. म्हणजे शिकलेली, शेतीभाती, घरंदारं असलेली माणसं. 1829 ला त्यांच्या डोंगरात सोनं सापडलं म्हणून गर्दी झाली, आणि 1832 ला राज्यानं त्यांची जमीन सोडत काढून वाटली, एका ड्रममधून माणसाचं नाव, दुसऱ्यातून प्लॉट. माणसं अजून घरात राहत होती सुऱ्या! त्याच साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं की राज्याचे कायदे तिथं चालणार नाहीत, ते कुणी मानलं नाही. त्यांचा मुख्य जॉन रॉस, तो वॉशिंग्टनहून घरी आला तर घरात सोडत लागलेला माणूस राहतोय. आमची फोर्साइथ काउंटी त्याच जमिनीतली आहे, आम्ही हप्ते भरतोय ते घर त्याच सोडतीतल्या कुठल्यातरी प्लॉटवर असणार. झोप लागली नाही त्या रात्री.

पण खरं सांगायचंय ते पुढंच. 29 डिसेंबर 1835 ला रॉस तिथं नसताना वीसेक जणांनी करारावर सह्या केल्या, 50 लाख डॉलर आणि पलीकडं जमीन. त्यात मेजर रिज आणि त्या पेपरचा पहिला संपादक बूडिनो, रिजचा मुलगा जॉन यानं सही मागून वॉशिंग्टनमध्ये केली. त्यांचं म्हणणं, राहिलो तर संपू, मिळतंय ते घेऊन पोरंबाळं वाचवू. रॉसनं हजारो लोकांच्या सह्यांचा अर्ज नेला, तरी सिनेटमध्ये तो करार एका मतानं पास झाला. रिज 1837 लाच निघून गेला. बाकीच्यांना 1838 ला सैन्यानं घरातून काढलं, 16 हजारांतले चारेक हजार मेले, रॉसची बायको वाटेतच गेली. आणि 22 जून 1839 ला तिकडं पोचल्यावर सह्या करणाऱ्या त्या तिघांना एकाच दिवशी त्यांच्याच माणसांनी मारलं.

गाडीत मनू म्हणाली, बाबा, मग बरोबर कोण, रॉस का रिज? मला बोलताच येईना. तिला काय माहीत की गावात पहिली सही तिच्या आजोबांची. पहिला ट्रक आमचा निघाला तेव्हा तुझे आबा पाराजवळ पाठ करून उभे होते, मी मागं बसून बघत होतो. आणि तू शाळेत मला 'विकाऊ' म्हणालास, मी तुझं दप्तर ओढ्यात टाकलं. दादा शेवटपर्यंत म्हणायचे, पोरांच्या शाळेसाठी केलं. खरंय ते, मी इथं आहे तो त्याच चेकच्या फीवर. पण आबा अडून राहिले म्हणून मागच्यांना वाढीव मिळालं, हेही खरंय. मग पोरीला काय सांगू मी?

अजून एक. करारानंतर तिथं सरकारी माणसांनी घरोघर फिरून किंमत लिहिली, खोली, कणगी, कुंपण, आणि झाडं, पीचची इतकी, सफरचंदाची इतकी, झाडामागं दर. मी ते मनूला वाचून दाखवत होतो आणि आवाजच फुटेना. आपला पंचनामा रे! तलाठी पायरीवर बसून लिहितोय, आंबा चार, नारळ दोन, आणि आबा ओरडतायत, परड्यातला फणस राहिला, फणस लिही.

तुझ्या प्राचीचं बारावीचं काय झालं? वहिनींचा गुडघा? बोअरला पाणी लागलं का ते कळव, पैसे अडले असतील तर सरळ सांग, लाजू नको.

मे मध्ये तीन आठवडे येतोय, मनूपण आहे. पाणी उतरलं असेल तर तिला देवळापर्यंत नेऊ. तिला आबांशेजारी बसवणार आहे, दादांच्या सहीचं मी सांगीन, त्यांचं त्यांनी सांगावं. आधी त्यांना विचारून ठेव, चालेल का. आणि तो फणस शेवटी लिहिला होता का, तेही विचार.

तुझा,
बाळ्या