तिसरा अंगठा आणि आपली बैठक

ती. बाबा व सौ. आईस,
शि. सा. नमस्कार.

पारावर कोणी विचारलं की बाबा सांगतात, "कॉम्प्युटरचं काहीतरी करते." आई म्हणते, "अपंगांचे हातपाय बनवते." दोन्ही थोडं थोडं चुकतं, आणि फोनवर रेंज जाते, म्हणून लिहूनच पाठवते.

गेलेल्या पायाच्या जागी पाय बसवणं हे एक काम. धडधाकट माणसाच्या अंगाला मुळात नसलेलं काही जोडायचं आणि मेंदू त्याला आपलं म्हणतो का ते बघायचं, हे दुसरं. आमचं काम दुसऱ्यातलं. डॅनी क्लोड या डिझायनर बाईंनी २०१७ साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिकताना करंगळीच्या बाजूला बांधायचा तिसरा अंगठा केला. मग तामार माकिन या मेंदूशास्त्रज्ञांनी त्यावर प्रयोग केले. २० माणसांनी पाच दिवस तो रोज वापरला, तेवढ्यात त्यांच्या मेंदूतला हाताच्या बोटांचा नकाशा किंचित बदललेला दिसला. पुढे २०२२ मध्ये एका विज्ञान प्रदर्शनात ३ ते ९६ वर्षांच्या ५९६ लोकांना तो लावून पाहिला. पहिल्या मिनिटातच ९८ टक्के लोकांना त्याने वस्तू उचलता आल्या. कलाकाराचं प्रयोगशाळेत काय काम, हे बाबांचं विचारणं बरोबर आहे. उत्तर एवढंच की माणूस जी वस्तू अंगावर घालायला तयार होत नाही, तिच्यावर संशोधन होत नाही.

आईला वाटतं तशी चिरफाड यात नाही. करणारे आहेत. स्टेलार्क या कलाकाराने दंडाखाली हातावर कान वाढवून घेतला, त्यात बसवलेला मायक्रोफोन जंतुसंसर्गामुळे काढावा लागला. नील हार्बिसनने २००४ मध्ये कवटीत अँटेना बसवून घेतली. आमची वस्तू झोपताना काढून खुंटीला टांगता येते.

आता वस्तू कशी असते ते. अंगठा थ्रीडी प्रिंटरवर छापतात, म्हणजे धागा वितळवून थरावर थर देत वस्तू घडवतात. त्यासाठी टीपीयू नावाचा रबरासारखा धागा लागतो, १.७५ मिमी जाड. छपाई सावकाश करायची, सेकंदाला २५-३० मिमी. घाई केली तर धागा मऊ असल्याने मशीनच्या दातेरी चाकात गुंडाळला जातो. पावसाळ्यात तो हवेतली ओल पितो, मग छापताना फुटाण्यासारखा तडतडतो आणि थर एकमेकांना धरत नाहीत. ५० अंशांच्या उबेत पाच-सहा तास ठेवला की ताळ्यावर येतो. ओल्या कापसाला जिनिंगवाला नाक का मुरडतो, हे बाबांना सांगायला नको.

मनगटावर दोन छोट्या सर्वो मोटारी, म्हणजे सांगू तेवढ्याच फिरणाऱ्या. त्यांचे दोरे टेफ्लॉनच्या नळीतून अंगठ्यात जातात. मोटार दोरा ओढते, अंगठा वाकतो. सोडला की आपल्याच लवचीकपणाने सरळ होतो. सायकलच्या ब्रेकची तार आठवा. ती ढिली असली की दाबूनही आधी काही होत नाही आणि मग एकदम लागतो. इथे २ मिमी ढील राहिली तरी तेच. शिवाय मोटार अडली की भरमसाट करंट ओढते, व्होल्टेज बसतं आणि कंट्रोलर, म्हणजे मोटारींना हुकूम देणारा छोटा कॉम्प्युटर, मधेच बंद होऊन पुन्हा सुरू होतो. विहिरीवरचा पंप चालू करताना घरातला बल्ब मंद होतो ना, तोच प्रकार. म्हणून मोटारींना वेगळी बॅटरी द्यायची, निगेटिव्ह मात्र दोन्हींचं एकत्र जोडायचं, आणि मोटारींच्या तारांवर ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, म्हणजे थोडी वीज साठवून झटका सांभाळणारा तुकडा, टाकायचा. नवशिके निगेटिव्ह जोडायचं विसरतात आणि दिवसभर प्रोग्राममध्ये चूक शोधत बसतात.

चालवायचं पायाने. दोन्ही पायांच्या अंगठ्यांखाली रुपयाच्या नाण्याएवढ्या, दाब ओळखणाऱ्या चकत्या. उजवा दाबला की तिसरा अंगठा तळहातावर आडवा सरकतो, डावा दाबला की बोटांकडे वर येतो. चकतीला १० किलोओहमचा रेझिस्टर, म्हणजे वीज अडवणारा छोटा तुकडा, लावला की कंट्रोलरला दाब ० ते १०२३ अशा आकड्यात वाचता येतो. पण प्रत्येकाचं शून्य वेगळं. माणूस नुसता उभा असताना आकडा कुठे थांबतो ते आधी टिपायचं आणि त्याच्या बऱ्याच वरचं तेच 'दाबलं' धरायचं. चकती दबून दबून आकडा सरकतो, मग पुन्हा शून्य लावायचं, तराजूचा पासंग काढतात तसं. मनगटाचा पट्टा म्हणजे बैलाचं जू. पहिल्यांदा २० मिनिटंच बांधायचा. काढल्यावर अर्ध्या तासात लाली गेली नाही, तर बसवणं चुकलं.

आईने विचारलं होतं, कापूस वेचायला होईल का? खरं सांगायचं तर कल्पना वाईट नाही. वेचताना करंगळीकडची बोटं आधीचा कापूस मुठीत धरून ठेवतात आणि बाकीची पुढचं बोंड ओढतात. मूठ भरली की ओटीत. तो धरण्याचा भाग तिसऱ्या अंगठ्याने घेतला, तर बोटं मोकळी. पण वावरात चालताना प्रत्येक पावलाला भार पायाच्या अंगठ्यावर येतो, म्हणजे तिसरा अंगठा पावलागणिक आपोआप मिटणार. काळी माती चपलेला चिकटली की शून्य गेलंच. आणि मोटारीच्या दात्यांत तंतू अडकून ती तासाभरात जाम होईल.

वावराचं राहू द्या, घरातही अडतंच. हे यंत्र खुर्ची धरून केलंय. मांडी घातली की पायाचा अंगठा जमिनीला टेकतच नाही, आणि उकिडवं बसलं की सगळा भार चवड्यांवर, चकती सारखी 'दाबलं, दाबलं' सांगत राहते. जयपूरला १९६८ च्या सुमारास रामचंद्र शर्मा हे कारागीर आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी नेमकं हेच ओळखलं होतं. बाहेरून आलेल्या कृत्रिम पायाने उकिडवं बसता येत नव्हतं, अनवाणी चालता येत नव्हतं, म्हणून त्यांनी रबराचा पाय केला. माझ्या मते त्या पायापुढे आमचं अजून काहीच नाही. सध्या दाबाऐवजी दंडाच्या स्नायूची वीज वाचून अंगठा चालवून बघतोय. घाम आला की तेही बिघडतं, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात घामाशिवाय काय मिळणार.

पैशाचं थोडक्यात. पक्की नोकरी नाही, करार असतो, सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत. विद्यापीठाच्या प्रकल्पाचा पगार वेळेवर येतो, प्रदर्शनाचं मानधन उशिरा, आणि मधल्या भाकड महिन्यांत डिझाइन कॉलेजात शिकवून भागतं. लोकांवर प्रयोग करायचा तर आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे नैतिकता समितीची परवानगी लागते, तिच्यासाठी करारातले दोन-तीन महिने आधीच बाजूला काढावे लागतात. संमतीचा कागद माणसाच्या भाषेत हवा आणि लिहिता-वाचता न येणाऱ्यासाठी त्रयस्थ साक्षीदार. तिसऱ्या अंगठ्याच्या कागदावर अंगठेबहाद्दराचा अंगठा, ही गंमत पारावर सांगा.

आणि एक काम आहे. प्रयोग नाही, नुसतं माप: उभं राहिल्यावर आणि उकिडवं बसल्यावर भार पावलाच्या कुठल्या भागावर येतो त्याचं. दोन जुनी वर्तमानपत्रं घ्या, प्रत्येकाला एक. पाय ओले करून आधी सरळ उभं राहा, ठसा ओला असतानाच पेन्सिलीने कड काढा. मग शेजारच्या कोरड्या भागावर उकिडवं बसून पुन्हा तसंच. कड काढायला दुसऱ्याने बसावं. स्वतः वाकलं की भार सरकतो आणि ठसा खोटा येतो. जिथे कागद जास्त भिजला तिथे फुली मारा. बाबांनी भेगांना मलम लावायच्या आधी हे करावं, तेलकट पायाला पाणी धरत नाही. वाळले की घडी न घालता गुंडाळी करून पाठवा.

तुमची,
मोठी